साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

मुंबईत घर विकायला काढले की जाहिरातीत तीन गोष्टी हमखास येतात: स्टेशन किती लांब, चटईक्षेत्र किती आणि घरात उजेड कसा. पहिल्या दोन मोजता येतात. तिसरीसाठी ‘भरपूर हवा-उजेड’, ‘पूर्वाभिमुख’, ‘समोर मोकळे’ अशी ठरलेली शब्दसंपत्ती आहे. दलाल घरमालकाला सांगतो, पडदे काढून टाका, खिडकीच्या जाळीवरची धूळ पुसा, भिंतींना पांढरा हात मारा, खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा लावा आणि गिऱ्हाईक सकाळीच येऊ द्या. सल्ला चुकीचा नाही, या गोष्टींनी खोली उजळ दिसते. पण आरसा उजेड निर्माण करत नाही, आलेला परत फेकतो. उजेड खिडकीपर्यंत येतो की नाही हे घरमालकाच्या हातात नसते. समोरची इमारत किती उंच आणि किती दूर, यावर ते ठरते. म्हणून घर विकताना ज्या उजेडाचे पैसे घेतले जातात तो विकणाऱ्याने कमावलेला नसतो, असे माझे म्हणणे आहे. तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका सार्वजनिक नियमाची मिळकत आहे. त्या नियमाचा घरविक्रीशी काही संबंध नव्हता. तो साथीच्या रोगाच्या धास्तीतून जन्मला. आणि त्याला जसजशी सूट मिळत गेली, तसतसा उजेड हा घराचा सर्वसाधारण गुण न राहता मजल्यागणिक दर लागणारा माल झाला.

त्याआधी आपल्याकडे घराची किंमत उजेडावरून ठरत नसे. पुण्याच्या किंवा वाईच्या वाड्याला रस्त्याच्या बाजूने भक्कम भिंत, दिंडीदरवाजा आणि वर मोजक्या लहान खिडक्या असत. उजेड आतल्या चौकातून यायचा. चौकालगतची पडवी आणि ओसरी उजळ, माजघर अंधुक, बाळंतिणीची खोली त्याहून अंधारी, ही उतरंड ठरवून केलेली होती. उन्हाळ्यात माजघर गार राही, धान्य आणि लोणची टिकत, आणि बायकांना परक्या नजरेपासून आडोसा मिळे. कोकणातल्या घरातही स्वयंपाकघर काळोखेच असायचे. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौले किनारपट्टीभर पोचली. त्यांच्याबरोबरीने बसवता येणारे काचेचे एखादे कौल चुलीच्या वर लावले की धुरातून उन्हाचा तिरका पट्टा जमिनीवर उतरे. हा उजेड कामापुरता. असे घर पिढ्यान्‌पिढ्या वारसाने जायचे, ते बघायला गिऱ्हाईक येत नसे, त्यामुळे उजेड गुण म्हणून कोणाला सांगायचीही गरज पडत नव्हती.

मुंबईत घराशी असलेले नाते आधी बदलले ते भाड्यामुळे. गिरण्या निघाल्या, कापसाचा पैसा आला, गिरगाव, मांडवी, भुलेश्वर, कामाठीपुरा इथे मालकांनी मिळेल त्या जमिनीवर चाळी चढवल्या. दोन चाळींच्या मध्ये जी अरुंद बोळ सुटायची तिला हाऊस गल्ली म्हणत. ती उजेडासाठी सोडलेली नव्हती. संडासाच्या टोपल्या नेणाऱ्या भंग्याला मागून जाता यावे म्हणून ती होती, आणि वरच्या मजल्यांवरचे मोऱ्यांचे पाणी, खरकटे, केरकचराही तिथेच पडायचा. मागच्या खोलीला खिडकी असायची ती याच गल्लीवर. साहजिकच भाडेकरू ती कायमची लावून घेत. कागदावर खिडकी आहे आणि खोलीत दिवसा दिवा, अशी ही व्यवस्था होती. पुढच्या खोलीला गॅलरीकडचे दार. त्यातून येणारा उजेड गॅलरीत वाळत घातलेली लुगडी आणि धोतरे निम्मा अडवत. मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या असलेल्या चाळीत तेवढेही नशिबी नसे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव गाठायला निघून गेली. सरकारचा समज असा होता, की प्लेग जागेला चिकटतो. ओल, काळोख आणि कोंडलेली हवा यांत तो मुरतो. तेव्हा घरे धुतली गेली, चुना लागला, कौले उतरवून छपरे उघडी केली गेली, आणि राहायला नालायक ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगवली गेली. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या गोऱ्या शिपायांनी घरात शिरून जे केले त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडच्या हत्येत झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. उजेड या देशात सार्वजनिक धोरण म्हणून आला तो असा, छप्पर फोडून, घरमालकाला न विचारता. त्याची ही जन्मकथा पुढच्या युक्तिवादाच्या आड येते, म्हणून ती आधीच सांगितलेली बरी.

१८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून रस्ते काढायचे, समुद्राचा वारा आत घ्यायचा आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखायच्या, हे त्याचे काम. आजचे शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, म्हणजे तेव्हाचे प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड, पश्चिमेकडून आत जातात ते याच हिशेबाने. पण ट्रस्टचे खरे टिकाऊ काम रस्त्यांचे नाही, एका कोनाचे आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ओर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांमधील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम समजायला सोपा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ काढायची. समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. या कोनाचे गणित असे, की समोर जेवढे मोकळे अंतर, त्याच्या दुप्पट उंची चालेल, जास्त नाही. दहा फूट अंतर असेल तर वीस फूट, तीस असेल तर साठ. उंच बांधायला मनाई नाही. उंच जायचे तर मागे सरा, एवढेच. शिवाय खिडकी किती मोठी, याऐवजी खिडकीतून आभाळ दिसते का, हा प्रश्न या नियमाने विचारला. हाऊस गल्लीवरच्या खिडकीने सगळ्यांच्या डोळ्यांत जी धूळ फेकली होती, ती या प्रश्नापुढे टिकत नाही.

दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या ट्रस्टच्या योजनांमध्ये प्लॉट देतानाच मजल्यांवर आणि बांधकामाच्या पसाऱ्यावर मर्यादा घातल्या गेल्या. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, माटुंग्याच्या दक्षिण भारतीय वसाहती तिथे उभ्या राहिल्या. सुटी उभी असलेली इमारत, चारी बाजूंनी मोकळी जागा, प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी आणि घरातच संडास: आज ज्याला आपण साधा फ्लॅट म्हणतो त्याचा साचा या भागात घडला. इतिहासकार निखिल राव यांनी ‘हाउस, बट नो गार्डन’ या २०१३ च्या पुस्तकात तो साचा कसा तयार झाला हे तपशिलाने मांडले आहे. पुढे शिवाजी पार्कभोवती आणि १९३० च्या दशकात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला व मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको इमारती आल्या. एका रेषेतली उंची, कोपऱ्यावर वळणाऱ्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. यांपैकी ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींची नोंद २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. मुंबईत राहण्याच्या जागेचा उजेड हा बढाई मारण्याजोगा गुण झाला तो इथे, कारण आता तुलना शक्य झाली. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून कारकून, वकील, शिक्षक दादरच्या ‘ब्लॉक’मध्ये राहायला जाऊ लागले ते या फरकासाठीच. त्यांनी ज्याचे भाडे भरले तो उजेड मालकाने घडवलेला नव्हता, प्लॉटच्या करारातल्या अटींनी घडवलेला होता.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा अभ्यासक घेईल, आणि तो रास्त आहे. उजेड ही गोऱ्या अधिकाऱ्यांची सबब होती. तिच्या नावाखाली गरिबांची घरे पाडली गेली, त्या मानाने नवी फार थोडी बांधली गेली, आणि हटवलेली माणसे शेजारच्या चाळीत आणखी दाटीने कोंबली गेली. शिवाय शास्त्रही चुकीचे होते. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंद याने १८९८ मध्येच कराचीत उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवून दिले. कौले काढून पिसू मरत नाही. हे सगळे मान्य. पण चुकीच्या कारणाने घेतलेले माप चुकीचेच असते असे नाही. प्लेगच्या बाबतीत निरुपयोगी ठरलेला उजेड क्षयाच्या बाबतीत नेमका उपयोगी होता. थेट उन्हात क्षयाचे जंतू मरतात हे जर्मन शास्त्रज्ञ कॉखने १८९० मध्ये सांगितले होते. आणि घरात ऊन येते त्याच मोकळ्या जागेतून हवाही येते, जी क्षयाच्या बाबतीत उन्हापेक्षाही महत्त्वाची. ट्रस्टचा गुन्हा हा, की त्याने कोन दादरच्या मध्यमवर्गाला दिला आणि कुदळ नागपाड्याच्या मजुराला. यातून निघणारी मागणी कोन सर्वांना मिळावा अशी हवी. कोनच नको, अशी नव्हे.

दुसरा आक्षेप हवामानाचा. उन्हाच्या तडाख्याच्या देशात खिडकीतून भरभरून येणारे ऊन हा गुण कसा? वाड्याचे अंधुक माजघर शहाणपणाचे होते आणि विलायती उजेडवेड आपण उगाच पत्करले, असे म्हणणारे वास्तुशास्त्रज्ञही आहेत. यात तथ्य आहे, आणि घर दाखवणारा दलाल ते कधी सांगत नाही. सकाळी दहा वाजता प्रसन्न दिसणारी पश्चिमेची खोली मे महिन्यात दुपारी चारला भट्टी होते, आणि जूनमध्ये त्याच खिडकीतून पाऊस आडवा घुसतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या कांचनजुंगा इमारतीत हा पेच समोरासमोर घेतला. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, आणि कडक ऊन व पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी याला चहूबाजूंच्या व्हरांड्याने उत्तर दिले होते; कोरियांनी तोच व्हरांडा उंच मनोऱ्यात नेला. दोन मजले उंचीची बागेसारखी गच्ची प्रत्येक घराच्या कोपऱ्यात कोरून काढली, खोल्या तिच्या मागे सरकवल्या. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या २८ मजली इमारतीत घरे अवघी ३२ आहेत, त्यामुळे ती सर्वांसाठी नमुना नाही हे उघड आहे. तिने एवढे मात्र दाखवले की ऊन अडवून उजेड आत घेता येतो. त्यासाठी खिडकी आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये अंतर लागते, म्हणजेच जागा लागते. वाड्याचा चौक, चाळीची गॅलरी, आर्ट डेकोचा छज्जा ही सगळी त्याच जागेची रूपे. आणि मुंबईने पुढच्या काळात नेमकी तीच जागा खाल्ली.

कशी खाल्ली, हे पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली, भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे आतबट्ट्याचे झाले आणि मालकीच्या फ्लॅटचा धंदा वाढला. १९६३ मध्ये महाराष्ट्राला त्यासाठी खास कायदा करावा लागला. म्हणजे घर विकत घेणारे गिऱ्हाईक, ज्याच्यासाठी आज पडदे उघडे ठेवायचे, ते त्या मानाने अलीकडचे. १९६० च्या दशकात चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, आला, आणि शहराची चर्चा कोनाकडून क्षेत्रफळाकडे वळली: पुढे शहरात सरसकट १.३३, उपनगरात १. किती बांधता येईल हा आकडा बाजाराला कळतो. आभाळाचा किती तुकडा दिसेल हा कळत नाही. तरी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत खोल्यांना उजेड देणाऱ्या बाजूला इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश मोकळी जागा सोडण्याचे सर्वसाधारण सूत्र होते. दोन्ही शेजाऱ्यांनी ते पाळले तर मधले अंतर उंचीच्या दोन तृतीयांश होते. ओर साहेबाच्या निम्म्याहून ते उदारच. त्यामुळे दोष नियमाच्या अंगी नाही, तो सवलतींच्या अंगी आहे. मोकळ्या जागेत कमतरता असेल तर महापालिकेकडे अधिमूल्य भरून ती क्षम्य करून घेता येते. बाल्कनी शुल्क भरून खोलीत घेता येई, आणि अनेकांनी ती घेतली; आतल्या खोलीची खिडकी त्यामुळे दुसऱ्या खोलीत उघडू लागली. २०१२ मध्ये बाल्कन्या, फ्लॉवरबेड वगैरे निर्देशांकात धरून त्याबदली निवासी बांधकामाला ३५ टक्के ‘फंजिबल’ क्षेत्र देण्यात आले. त्यामागचा हेतू गैरप्रकार थांबवण्याचा होता, आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. पण बाल्कनी ठेवण्याचे कारणच गेले. उजेड असा दोनदा विकला जातो. आधी तो कमी करण्याची परवानगी बिल्डर विकत घेतो, मग उरलेला तो ‘फ्लोअर राइज’ म्हणून मजल्यामागे चढ्या दराने विकतो. पहिल्या मजल्यावरचा ग्राहक कमी पैसे देतो ते अंधारापोटी मिळालेली सूट म्हणून.

ज्यांना हा दर कधीच परवडणार नाही, त्यांच्याकडे पाहिले की हे अधिक उघडे पडते. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी गोवंडी-मानखुर्द भागात नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहती बांधल्या गेल्या. नटवर पारेखमध्ये तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून सुमारे तीन मीटरवर उभ्या आहेत. ओरच्या नियमाने तीन मीटर अंतराला सहा मीटर उंची मिळाली असती, म्हणजे जेमतेम दोन मजले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह केलेल्या पाहणीत असे आढळले, की दाटीने बांधलेल्या या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण त्याच परिसरातल्या अधिक मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि खालच्या मजल्यांवर ते अधिक आहे. मधल्या तीन मीटरमध्ये वरून कचरा पडतो, दुर्गंधी येते, म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात. म्हणजे १८९६ ची हाऊस गल्ली सिमेंटमध्ये, शासनाच्या मंजुरीने, पुन्हा बांधली गेली. ट्यूबलाइट आणि एलईडीने उजेडाचा प्रश्न सुटला असे म्हणणाऱ्याला याहून वेगळे उत्तर द्यायला नको.

उरतो सर्वांत वजनदार आक्षेप. मुंबईत जमीन नाही. मोकळ्या जागेचा हट्ट धरला तर घरे कमी होतील, महागतील, आणि ज्याला आज अंधारी खोली मिळते त्याला उद्या तीही मिळणार नाही. हे खरे असते, जर कोनाचा नियम घरांच्या संख्येवर बंदी घालत असता. तो घालत नाही. तो उंचीला अंतराशी बांधतो. त्याच जमिनीवर दाटीने लावलेल्या अनेक बुटक्या इमारतींऐवजी कमी, उंच आणि लांबलांब इमारती उभ्या करून तेवढीच घरे बसवता येतात. त्याला लिफ्टचा, देखभालीचा खर्च येतो, हे मान्य करावे लागेल, आणि गरिबांच्या वसाहतीत तो कोण भरणार, हा प्रश्न सोपा नाही. पण पुनर्वसनाच्या जमिनीवर दाटी होते ती बहुधा घरे कमी पडतात म्हणून नाही. विक्रीच्या इमारतीला जमिनीचा मोठा, समोरून मोकळा तुकडा राखून पुनर्वसनाच्या इमारती उरलेल्या कोपऱ्यात सरकवल्या जातात म्हणून. एकाच प्लॉटवर एका इमारतीचा उजेड दुसऱ्या इमारतीच्या किमतीत जमा होतो. हे टंचाईचे गणित नाही, वाटपाचे आहे.

उजेडावर कायद्याने हक्क सांगता येतो, असा अनेकांचा समज असतो. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्यातल्या कलम १५ नुसार वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेडावर हक्क निर्माण होतो. म्हणजे नव्या घराच्या गिऱ्हाइकाला त्याचा आधार नाही, आणि जुन्या घरातल्याला तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा खिडकीत उभे राहून खोली उजळ दिसते का एवढेच पाहू नका. समोरचा प्लॉट कोणाचा, त्यावरची इमारत किती जुनी, ती पाडून काय उभे राहू शकते, हे महापालिकेच्या विकास आराखड्यात आणि मंजूर नकाशात तपासा. आणि तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत चौरस फूट किती वाढणार हे विचारून झाले की दोन इमारतींत अंतर किती राहणार आणि किती मीटरची सूट बिल्डर मागणार, हेही विचारा. हा प्रश्न सही करण्यापूर्वीच विचारता येतो.